कपाटातलं दूध

नव्या फ्लॅटमधल्या कपाटांना रसायनांचा असा उग्र दर्प होता, की आठ दिवसांत शाल्मलीच्या सासूबाईंचा दमा बळावला. पण बिल्डर धनावडेशेठ कपाटं बदलून देईनात. "अहो, नव्या घराचा सुवास तो! त्यानं कुणाला काय होतंय?"

वास्तुशांतीच्या सकाळी उतू घालवलेलं दूध नव्या नवरीनं, शाल्मलीनं, उघडंच कपाटात ठेवलं आणि दुपारी भरल्या पंगतीत शेठना प्रसाद म्हणून दिलं.

"शी! याला पॉलिशचा वास मारतोय!"

"तुमचाच सुवास, शेठ. दुधानं तीन तास घेतला, आमच्या आई आठ दिवस घेताहेत."

दुसऱ्याच दिवशी कपाटं गेली. मोकळा श्वास घेत सासूबाईंनी ताजं दूध तापवलं आणि पेला सुनेपुढे धरला, "आधी तू घे गं, बाळा."