कुशीचा वसा

ऐक कुसाई, तुझी कहाणी. ऐका बायांनो, हातातलं काम खाली ठेवा, लेकरं मांडीवर घ्या.

आटपाट नगर होतं. नगराबाहेरून नदी वाहत होती. वेशीला लागून कासारांची आळी होती. तिथं भिवरा नावाची एक कासारीण होती. तिचा नवरा लवकर गेला. पदरी एकच मुलगा, त्याचं नाव म्हाळू. म्हाळू भट्टीवर बांगड्या करी. भिवरा त्या पाटीत भरी, पाटी डोक्यावर घेई, घरोघर जाऊन लेकीसुनांच्या हातांत चढवी. तिचा हात इतका हलका, की बांगडी केव्हा चढली ते मनगटाला कळत नसे. जीभ मात्र तिखट होती. ती चढली की साऱ्या आळीला कळे.

मग म्हाळूचं लग्न झालं. रंगू सून घरी आली. हसतमुख होती, कामाला वाघीण होती. सडा घाली, सारवण करी, सासूची पाटी पुसून लख्ख ठेवी. भिवरा आळीत मिरवू लागली, "माझं नशीब फळफळलं गं बाई." पण एक गोष्ट तिला कोड्यात टाकी. सून विहिरीवर कधी एकटी जायची नाही. चुलीपुढे बसली तर हातभर मागे सरून बसायची. काय गं, असं का, म्हणून विचारलं, की रंगू मान खाली घाली.

असं होता होता चैत्र आला. भिवरेनं हळदीकुंकू मांडलं. आळीतल्या बायका आल्या, घर भरलं. रंगू पन्ह्याचा गडवा घेऊन उभी होती. एकाएकी तिची नजर एका जागी ठरली. गळ्यातून विचित्र किंकाळी निघाली. गडवा पडला, रंगू पडली. अंग लाकडासारखं ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले. तोंडाला फेस आला.

बायकांनी एकच हलकल्लोळ केला. एक म्हणाली, "कांदा हुंगवा." दुसरी म्हणाली, "जोडा हुंगवा." तिसरी म्हणाली, "हातात किल्ली द्या, लोखंडाला धरून राहील." भिवरा घाबरली, सुनेच्या हातांवर गुडघे रोवून बसली, तिच्या दातांत पळी घातली. दात मोडला, रक्त आलं. मग थोड्या वेळानं झटके आपले आपणच थांबले. तशी एक म्हणाली, "माझ्या कांद्यानं थांबले." दुसरी म्हणाली, "माझ्या जोड्यानं." तिसरी म्हणाली, "माझ्या किल्लीनं."

रंगूनं डोळे उघडले. भोवताली पाहिलं, तो बायका भिंतीला पाठ लावून उभ्या. आपलं लुगडं पाहिलं, तो ओलं झालेलं. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. म्हणाली, "आत्याबाई, मला लहानपणापासून येतं हे. आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस, कुणी पदरात घेणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून आळीत कुजबूज झाली. कासाराची सून बाधलेली आहे. कुणी कुंकवाला बोलवीना, कुणी तिच्या हातचं पाणी घेईना. भिवरेनं देवऋषी आणला. त्यानं कडुलिंबाच्या फांदीनं झोडपलं, काही उणं झालं नाही. दुसरा आणला, त्यानं मिरच्यांची धुरी दिली, काही उणं झालं नाही. तिसरा आणला, त्यानं तीन दिवस उपाशी ठेवलं. उणं तर झालं नाहीच, वर वाढलं. वर्षातून एखाददोनदा पडायची, ती आठवड्यातून एकदा पडू लागली.

भिवरा पेटली. म्हणाली, "तुझ्या आईनं मला फसवलं. ऊठ, गाठोडं बांध. तुला माहेरी टाकून येते."

म्हाळू आडवा आला. "आई, ती माझी बायको आहे."

"आणि मी तुझी आई आहे. सर बाजूला."

रंगूनं गाठोडं बांधलं, देवापुढे डोकं टेकलं, निघाली. पुढे सासू, मागे सून. सकाळपासून दोघींच्या पोटात अन्न नाही. भिवरेला वाटे, मागे वळून पाहू नये. पाहिलं तर पाय पुढे पडायचा नाही.

चालता चालता नदीचा घाट लागला. ऊन डोक्यावर आलं. मागून रंगू म्हणाली, "आत्याबाई, मला कसंसंच होतंय." भिवरा वळते न वळते, तोच रंगू वाळूत कोसळली. अंग ताठलं, झटके सुरू झाले. भिवरेनं टाहो फोडला आणि पायातली वहाण उपसली.

घाटावर एक म्हातारी गोधडी धूत होती. ती गोधडी तशीच टाकून आली. म्हणाली, "अगं, वहाण पायात घाल. नाकात घालायची वस्तू नव्हे ती."

"आजी, जाईल हो माझी सून!"

"नाही जात. आरडूं नको. ते आजूबाजूचे धोंडे उचल आधी. तिच्या गळ्यातली पोत सैल कर. तुझ्या कमरेला खोचलेली ती पाटीची चुंबळ दे इकडे."

म्हातारीनं चुंबळ रंगूच्या डोक्याखाली सरकवली. भिवरा हातपाय दाबायला धावली, तशी तिनं मनगट धरलं. "धरूं नको. झाडाला मिठी मारून वारा थांबतो का? तोंडात काही घालूं नको. पाणी नको, पळी नको, बोट नको. जीभ कुणी गिळत नाही. बस इथं, आणि आकडे मोज."

भिवरा मोजू लागली. साठ झाले, सत्तर झाले, शंभर झाले. तिच्या आयुष्यात एवढं लांब शंभर कधी झालं नव्हतं. एकशे तीसला झटके ओसरले. मग म्हातारीनं रंगूला अलगद कुशीवर वळवलं. तोंडातली लाळ बाहेर वाहिली, श्वासाला वाट झाली. म्हातारीनं आपला पदर फाडला, तिचं तोंड पुसलं, ओलं लुगडं झाकलं. जरा वेळानं रंगूचे डोळे उघडले. म्हातारी म्हणाली, "घाबरूं नको, मुली. नदीवर आहेस. तुझी सासू तुझ्याजवळच बसली आहे."

हे शब्द भिवरेच्या काळजाला जाऊन लागले. आपण हिला टाकायला निघालो, आणि ही बाई हिला सांगते, सासू जवळच आहे. तिनं रंगूचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. ती चोळत बसली.

मग भिवरेनं विचारलं, "आजी, हिला कोण बाधलंय?"

"कुणी नाही. आजार आहे. डोक्यात वीज चमकते नि सारं अंग हादरतं. आभाळात चमकली तर तुम्ही तिला भूत म्हणता का? वैद्याकडे ने. देवऋष्याकडे नको."

"मग मजला काही वसा सांगा."

"तुजला वसा कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

तेव्हा म्हातारीनं वसा सांगितला. "हा कुशीचा वसा. याला दिवस नाही, मुहूर्त नाही, ज्या क्षणी कळेल त्या क्षणी घ्यावा. माणूस पडलं तर भोवतालचं टणक उचलावं, कुशीवर घ्यावं, शुद्धीवर येऊन ओळख पटेतो जवळून उठूं नये. तीनदा शंभर मोजून थांबलं नाही, किंवा थांबून शुद्ध न येता पुन्हा सुरू झालं, तर मोजत बसूं नये, वैद्याला आणावं. त्यानं दिलेली पुडी सकाळची सकाळी, सांजची सांजे द्यावी. या वशाला उपास नाही. वेळेवर जेवावं, रात्रभर झोपावं. आणि लपवूं नये. तीन घरी जाऊन सांगावं."

"आणि उद्यापन?"

"वैद्य सांगेल तेव्हा. आपल्या मनानं नाही."

भिवरेनं नमस्कार केला. मान वर करते तो घाटावर म्हातारी नाही, गोधडी नाही. दोघी माघारी फिरल्या. आता पुढे सून चालत होती, आणि सासू मागून तिच्याकडे डोळा ठेवून.

घरी आल्यावर वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, सारं विचारून घेतलं, पुड्या दिल्या. म्हाळूनं चुलीभोवती उंच ओटा बांधला. भिवरा तीन घरी गेली. कांदेवालीनं नाक मुरडलं. जोडेवालीनं दार लावलं. किल्लीवालीनं मात्र आत बोलावलं, पाट दिला. म्हणाली, "माझ्या भावालाही येतं, भिवराबाई. आम्ही कुणाला बोललो नाही. पुन्हा सांगा, हळू सांगा."

दिवस गेले, महिने गेले. रंगूचं पडणं कमी झालं, मग थांबलं. चातुर्मास सुखाचा गेला, दिवाळी सुखाची गेली, संक्रांत सुखाची गेली. सासूसून मिळून पाटी घेऊन हिंडू लागल्या.

मग काय झालं? भिवरा उतली, भिवरा मातली. श्रावण आला, मंगळागौर आली. भिवरा म्हणाली, "आता कसल्या पुड्या? बरी झाली माझी सून. उपास कर, जागरण कर. लोकांच्या सुना करतात, तू का मागे?"

"आत्याबाई, वैद्यांनी..."

"वैद्य मोठा की सासू मोठी?"

रंगूनं मान वाकवली. पहिल्या दिवशी पुडी चुकली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चुकली, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी उपास झाला, जागरण झालं, आणि चौथ्या सकाळी रंगू अंगणात पडली. भिवरेनं डोक्याखाली चुंबळ ठेवली, मोजायला घेतलं. शंभर झाले, थांबेना. दोनशे झाले, थांबेना. तीनशे झाले, थांबेना. रंगूचे ओठ निळे पडू लागले. म्हाळू वैद्याकडे धावत सुटला. भिवरा अंगणात गुडघ्यांवर बसून मोजतच राहिली. मोजणं थांबवायची छाती होईना. थांबले तर ही जाईल असं वाटे.

वैद्य आला. त्यानं औषध दिलं, झटके थांबले. पण रंगू शुद्धीवर येईना. एक दिवस गेला, एक रात्र गेली. भिवरेनं पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी रंगूनं डोळे उघडले. म्हाळूकडे पाहिलं, ओळखलं नाही. भिवरेकडे पाहिलं, ओळखलं नाही. दिवस कलायला लागला, तेव्हा पुन्हा पाहिलं. म्हणाली, "आत्याबाई, तोंड का सुकलंय तुमचं? जेवला नाहीत का?"

भिवरेचा बांध फुटला. "मी तुझा जीव घेत होते गं, आणि तू मला जेवण विचारतेस?"

"मग कुणाला विचारू?"

म्हाळूनं भाकरी आणली. दोघींनी एका ताटात खाल्ली. भिवरेनं आपल्या हातानं पुडी दिली, सुनेनं घेतली. त्या दिवसापासून वसा चुकला नाही.

पुढे एके दिवशी राजवाड्यातून बोलावणं आलं. राणीला चुडा भरायचा होता. सासूसून पाटी घेऊन गेल्या. राणीला अकरा वर्षांची एक मुलगी होती, पण नगरात तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणे रूपानं फार देखणी, दृष्ट लागेल. कुणी म्हणे कुरूप.

भिवरा राणीच्या हातात बांगडी चढवत होती. तोच आतून एक किंकाळी आली, आणि धप्पकन काही पडलं. राणीनं हात मागे ओढला. ती म्हणाली, "मांजर असेल."

रंगू उठून उभी राहिली. "राणीसाहेब, ते मांजर नाही. हा आवाज माझ्या घरचा आहे."

राणीचा चेहरा पांढरा पडला. ती दारं उघडत धावली. एक दार, दोन दारं, अशी सात दारं. सातव्या दाराआड कोंदट खोली, तिथं राजकन्या जमिनीवर झटके देत होती. दोघी दासी तिला दाबून बसल्या होत्या. तिसरी चांदीची पळी तोंडात घालत होती.

भिवरा गरजली, "चांदीची असली म्हणून काय झालं? काढ ती पळी! हात सोडा पोरीचे! तो चौरंग उचला!"

दासी मागे सरल्या. भिवरेनं मोजायला घेतलं. ऐंशीवर झटके ओसरले. रंगूनं मुलीला कुशीवर घेतलं, केस मागे सारले, आपल्या पदरानं तिला झाकलं. मुलीनं डोळे उघडले, अनोळखी बाई पाहून दचकली.

रंगू म्हणाली, "भिऊं नको बाळ. मलाही येतं."

मुलीनं विचारलं, "तुलाही येतं? मग तुला बाहेर कसं सोडतात?"

"सासू असते ना बरोबर."

राणी दारात उभी होती. ती आत येऊन मुलीजवळ बसली. म्हणाली, "मी हिला जपायला कोंडलं. लोक काय म्हणतील, म्हणून कोंडलं."

भिवरा म्हणाली, "राणीसाहेब, तुम्ही कोंडलंत. मी तर टाकायला निघाले होते. माझ्याइतकं तुमचं चुकलं नाही. ऐका, मी तुम्हांला वसा सांगते."

राणीनं उतणार नाही, मातणार नाही म्हणून वसा घेतला. वैद्य आला, पुड्या सुरू झाल्या, सातही दारं उघडी झाली. राजानं नगरात दवंडी पिटली, कुशीचा वसा चौकाचौकात सांगवला. राजकन्या पालखीतून नाही, पायी हिंडू लागली. पहिल्या दिवशी ऊन तिच्या डोळ्यांना सोसेना. दुसऱ्या दिवशी तिनं पेरू चोखंदळपणे निवडून घेतला. तिसऱ्या दिवशी भरबाजारात ती पडली.

बरोबर चालणारी राणी पुढे धावली. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. भाजीवालीनं टोपल्या मागे ओढल्या. तेल्यानं आपलं मुंडासं तिच्या डोक्याखाली दिलं. माळीण मोठ्यानं आकडे मोजू लागली, तिच्यामागून सारा बाजार मोजू लागला. साठावर झटके थांबले. माळणीनं तिला कुशीवर घेतलं, आणि वारा यावा म्हणून माणसं आपण होऊन मागे सरली. राजकन्या शुद्धीवर आली, उठून बसली. एवढी माणसं बघून लाजली. माळीण म्हणाली, "लाजायचं काय त्यात? ही सारी तुझीच माणसं. चल, घरी पोचवते तुला."

नगरात आजार राहिला नाही असं नाही. रंगूलाही कधी वर्षा-दोन वर्षांनी येई. पण पडलेलं माणूस एकटं राहिलं नाही, आणि कुणी ते लपवलं नाही. रंगूला लेक झाली, भिवरेनं नातीला अंगाखांद्यावर खेळवलं, सासूसुनेचं ताट शेवटपर्यंत एकच राहिलं.

जशी भिवरेला कुसाई घाटावर भेटली, तशी तुम्हांआम्हांला वेळेवर भेटो. पडणाऱ्याला हात मिळो, उठणाऱ्याला ओळखीचं तोंड दिसो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सांगितली; सांगणारीला गोड, ऐकणारीला गोड, आणि तीन घरीं जाऊन सांगेल तिला सुफळ संपूर्ण होवो.