तेल नको म्हणणारी पुंगळी

अवजारं अजून हुज्जत घालत होती तेव्हाची गोष्ट. एका संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, हैबती सिकलगार झाडलेल्या काडतुसांच्या फुगलेल्या रिकाम्या पुंगळ्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचा. पिस्तुलाच्या पुंगळ्या सरळसोट आणि त्यांचा साचा अतिकठीण, गुळगुळीत. त्यात त्या कोरड्याच जायच्या. रायफलच्या पुंगळ्यांचा गळा निमुळता आणि साचा साध्या पोलादाचा, म्हणून हैबती प्रत्येकीला आधी तेलाचं बोट लावायचा.

त्यातली एक पुंगळी दर खेपेला कुरकुरायची. "त्या पिस्तुलवाल्यांना तेल नाही, मग मलाच का? अंग नुसतं चिकचिकतं."

"अगं, किती वेळा सांगू?" रायफलचा साचा वैतागायचा. "त्यांचा साचा वेगळा, मी वेगळा. कोरडी आलीस तर स्वतः अडकशील आणि मलाही अडकवशील!"

"म्हणजे तू त्याच्याइतका गुळगुळीत नाहीस, हे कबूल कर की."

"कबूल! शंभरदा कबूल! पण तेल लावून घे, बाई!"

एके सकाळी ती कोरडीच हळूच घरंगळत तेल लावलेल्या पुंगळ्यांत जाऊन बसली. हैबतीने तिला उचलून साच्याखालच्या पकडीत बसवलं आणि दांडा ओढला. ती आत गेली ती गेलीच. त्याने दांडा उलटा रेटला, तर पकडीतला तिच्या बुडाचा काठ तेवढा फाटून बाहेर आला. हैबतीने कपाळाला हात लावला.

आतून घुसमटलेला आवाज आला, "साचेदादा, आता लावायला सांगा ना थोडं तेल."

"आता?" साचा ओरडला. "आता तुझ्यामाझ्यात थेंबाला तरी जागा उरली आहे का?"