खरवडलेला घरनंबर

एका डोंगराळ गावात हणमंतअण्णा नावाचे सुतार राहत. त्यांच्या हातात कसब होते आणि शब्दाला मान होता. तंटा झाला की गाव आधी त्यांना विचारी.

पंचायतीने घरटी एकेक कचऱ्याचा डबा दिला. जाड, झाकणाचा, वर रंगाने घातलेला घरनंबर. रोज सकाळी कचरा उचलणारी कालिंदी ढकलगाडी घेऊन येई, दारातले डबे रिकामे करी आणि पुढे जाई.

एके दिवशी अण्णांचा डबा नाहीसा झाला. दोन दिवस त्यांनी शोधला. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी गल्ली सामसूम असताना, त्यांनी समोरच्या शेवंताकाकूंचा डबा उचलून आणला. पटाशीने त्यावरचा नंबर खरवडला आणि आपला घातला. 'माझाही कोणीतरी नेलाच ना,' असे म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

शेवंताकाकूंनी गल्ली डोक्यावर घेतली. मग त्यांच्या शेजारचा डबा गेला, मग त्याच्या पलीकडचा. महिन्याभरात आठ घरांतून हीच ओरड झाली.

सरपंचांनी चावडीवर बैठक बोलावली. कोणीतरी म्हणाले, "रोज डब्यांना हात कोणाचा लागतो?" सगळ्यांच्या नजरा कालिंदीकडे वळल्या.

कालिंदी उभी राहिली. "वीस वर्षं तुमची घाण उचलली," ती म्हणाली. "तुमच्या वस्तूला कधी हात लावला नाही."

सरपंच म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांगा. हिला कामावर ठेवायचं की काढायचं?"

अण्णांनी नुसती मान हलवली असती तरी भागले असते. पण ते उठले, घरी गेले आणि डबा घेऊन परत आले.

"हा शेवंताकाकूंचा. मी चोरला," ते म्हणाले. "हिला काढायचं असेल, तर आधी मला गावाबाहेर काढा."

मग शेवंताकाकू तोंडाला पदर लावून उठल्या. "माझ्याकडचा शेजारच्यांचा आहे," त्या पुटपुटल्या. त्यांच्यामागून एकेक जण उठत गेला. अण्णांचा पहिला डबा कोणी नेला, ते मात्र कधीच कळले नाही.

सरपंचांनी हात जोडून कालिंदीची माफी मागितली. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. पण कोणाच्याही दारातला डबा तिने उचलला नाही. गाडी गल्लीच्या मधोमध उभी करून ती म्हणाली, "आपापला डबा आणा, रिकामा करा आणि घरात न्या."

तेव्हापासून त्या गावात डबे चोरीला जात नाहीत. पण सकाळी गाडीपाशी आलेला माणूस कालिंदीच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही.

तात्पर्य: आपले गेले म्हणून दुसऱ्याचे उचलले, की चोरी घरोघर पसरते आणि आळ निरपराधावर येतो. ती थांबवायची असेल, तर सुरुवात आपल्या दारापासून करावी.