पाणी पाजणारा केरबा

कुठल्याशा एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा किती? ‘बस’ म्हटलं, की कोणी ‘ऊठ’ म्हणेपर्यंत बसून राहायचा. अशाला मुलगी कोण देणार? पण सटवाजी लोहाराच्या हौसाला तोच हवा होता. ती म्हणायची, "सांगितलेलं ऐकणारा नवरा पंचक्रोशीत दुसरा दाखवा."

दाखवायला कोणाला जमेना. शेवटी सटवाजी म्हणाला, "हत्याराला पाणी पाजायला शिकला, तर देईन पोरगी."

हौसाचा मामा मात्र फणकारला. "शिकू दे. पण त्याचा एक जरी येडेपणा माझ्या डोळ्यांदेखत झाला, तर लगीन मोडलं म्हणून समजा!" मामाच्या शब्दाबाहेर घरात कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी सटवाजीनं केरबाच्या हातात विळा दिला. "ह्याला पाणी पाज."

केरबानं तांब्या भरून आणला, विळ्याच्या टोकाशी धरला आणि दुपारपर्यंत तसाच बसला.

"काय करतुयास रं?" सटवाजीनं विचारलं.

"तात्या, पीतच न्हाई. तहान नसंल."

सटवाजीनं कपाळावर हात मारला. "आरं, पाणी पाजायचं म्हंजी तापवून पाण्यात बुडवायचं. मग त्ये कडक हुतं. लाल झालं की बुडवायचं!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी हौसानं अंगणातून हाक मारली. "आवं, वाळत घातलेल्या मिरच्या लाल झाल्यात का बघा."

केरबानं बघितलं. लाल झाल्या होत्या. त्यानं दोन पोती मिरच्या उचलल्या आणि हौदात बुडवल्या. संध्याकाळी पाटलांची म्हैस त्या हौदावर पाणी प्यायली. शेपटी वर करून ती जी निघाली, ती शेजारच्या गावात सापडली.

"समद्या बुडवल्यास?" सटवाजी ओरडला. "उद्या लाकूड तासायची पटाशी बी अशीच समदी बुडवशील नि चिरा पाडशील! धारंकडचा शेंडा तेवढा बोटभर बुडवायचा. बाकी कोरडं!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

तिसऱ्या दिवशी सटवाजी म्हणाला, "कोळशानं पार काळा झालायस. नदीवर जा, आंघोळ करून ये."

केरबा गेला तसा आला. अंगभर काजळी. नाकाचा शेंडा तेवढा लख्ख.

"बोटभर बुडवलं, तात्या. बाकी कोरडं ठेवलंय."

हौसा तोंडात पदर कोंबून हसली. सटवाजीलाही हसू आलं, पण लगेच त्यानं दाराबाहेर डोकावून बघितलं. मामानं हे बघितलं असतं तर?

मग सटवाजीनं केरबाला भट्टीपाशी समोर बसवलं आणि हातात सुताराची पटाशी दिली. "नीट ऐक. कडक झालेलं पोलाद ठिसूळ असतं. म्हणून परत हळूहळू शेकायचं. शेकताना रंग चढतो, त्यावर डोळा ठेवायचा. पिवळं झालं रं झालं, की उचल नि टाक पाण्यात! उशीर केलास तर निळं पडतं. निळं पडलं की वाया गेलं. मग परत भट्टीत."

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

आणि काय सांगू, केरबानं त्या पटाशीला असं पाणी दिलं, की सुतारानं बाभळीच्या गाठीवर मारली तरी धार हलली नाही. कारण सोपं होतं. पटाशीचं सांगितलेलं त्यानं पटाशीलाच केलं होतं. तेवढं एकदाच.

मामानं पटाशी उलटसुलट करून बघितली. खोट सापडेना. नाइलाजानं म्हणाला, "लावा हळद."

मांडव उभा राहिला. बायकांनी हौसाला पाटावर बसवून कपाळापासून पावलांपर्यंत हळद माखली. तेवढ्यात केरबा मांडवात शिरला. त्यानं हौसाकडं बघितलं आणि त्याचा जीवच उडाला.

"पिवळी झाली! सरका, सरका!"

त्यानं पाटासकट नवरी उचलली आणि हौदात टाकली. धबाक!

"आरं, काय केलंस ह्ये?" सटवाजी किंचाळला.

"तात्या, अजून जरा उशीर झाला असता तर निळी पडली असती! वाया गेली असती तुमची लेक!"

हौसा वर आली, खोकली आणि हसत सुटली. पण मामाच्या डोळ्यांदेखत झालं होतं ना सगळं! मामा ताडकन उभा राहिला. "ल... लगीन..." पुढचा शब्द फुटेना. रागानं तो काळानिळा झाला.

केरबानं त्याला बघितलं आणि मनापासून हळहळला. "अरारारा! मामा, तुमास्नी काढायला उशीर झाला की!" मग सांडशी उचलून ओरडला, "हौसा, भाता मार! मामाला परत भट्टीत घालायचं हाय!"

मामा धोतर सावरत जो पळाला, तो थेट वेशीबाहेर. ‘मोडलं’ हा शब्द त्याच्या तोंडातच राहिला, म्हणून लग्न काही मोडलं नाही. मुहूर्त तेवढा टळला. कारण नवरदेव सांडशी घेऊन मामाच्या मागं धावत होता आणि जीव तोडून सांगत होता, "थांबा वं मामा! पुन्यांदा पिवळं करून देतो!"