बाभळीवरचे उपरणे

एकदा एक नदी चालता चालता थकली आणि एका टेकडीच्या पायथ्याशी वळून विसावली. त्या वळणात एका वृद्ध वैद्यांची वनस्पतींची बाग होती. पहाटे नदीवरून धुके चढे आणि हलकेच बागेत शिरे. मग वाळ्याचा गंध नेमका कुठून येतो आहे आणि धुके कुठे संपते आहे, हे कुणालाच सांगता येत नसे.

वैद्यांजवळ एक शिष्य शिकत होता. शिकून तो बराच पुढे गेला होता. इतका, की आता प्रत्येक गोष्ट गुरूंना काय विचारायची, असे त्याला अधूनमधून वाटू लागले होते. हुशार माणसाच्या आयुष्यात असा एक काळ येतोच, आणि त्या काळात तो सगळ्यांत धोकादायक असतो.

बागेला नदीच्या पाटाचे पाणी मिळे. पाटाला दोन तोंडे होती, एक वरच्या बांधाशी आणि एक खालच्या. त्यांतल्या कुठल्याही तोंडाची माती फोडून पाणी सोडले, की बांधावरच्या बाभळीला आपले उपरणे बांधायचे, असा वैद्यांचा दंडक होता. उपरणे दिसले की दुसऱ्याने दुसरे तोंड उघडायचे नाही. शिष्याला हा प्रकार थोडा पोरकट वाटे, तरी तो निमूटपणे पाळी.

गावात घोंगड्यांचा एक व्यापारी होता. मागे एकदा त्याच्या छातीत रक्ताची गाठ धरली होती आणि तो जाता जाता वाचला होता. तेव्हापासून वैद्यांनी त्याला रक्त पातळ ठेवणारा काढा चालू केला होता, रोज, न चुकता, अगदी मोजून. पण मरण जवळून पाहिलेल्या माणसाला जगण्याची फार घाई होते. एके दिवशी त्याने शिष्याला हळूच बाजूला घेतले.

"वैद्यराजांनी मला जगवलं, ते खरंच," तो म्हणाला. "पण अंगात जोम नाही हो. लोकर आणायला डोंगर चढायचा म्हटलं की धाप लागते. तुम्ही एवढे शिकलात, काहीतरी ताकदीचं द्या ना!"

शिष्य विरघळला. गव्हाच्या अंकुरांतून त्याने नुकतेच मोठ्या कष्टाने तेल काढले होते. लोखंडाला चढावा तसा देहालाही आतून गंज चढत असतो आणि असली तेले तो रोखतात, असे त्याने कुठेतरी वाचले होते. सोनेरी तेलाची एक कुपी त्याने व्यापाऱ्याच्या हातात ठेवली.

"सकाळ-संध्याकाळ घोटभर घ्या, शेटजी. संपलं की आणखी देईन. हे काही औषध नाही बरं का."

गुरूंना सांगावे, असे त्याच्या मनात आले नाही असे नाही. पण त्यात सांगण्यासारखे काय आहे? गहूच तर आहे! आपणही असेच म्हणतो. जीवनसत्त्वाची गोळीच तर आहे, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, डॉक्टरांना काय सांगायचं!

पुढच्या खेपेला व्यापारी आला तेव्हा वैद्यांनी त्याची नाडी पाहायला हात हाती घेतला आणि ते थबकले. मनगटापासून कोपरापर्यंत निळेजांभळे डाग उमटले होते.

"हे कशानं?"

"लागलं असेल कुठंतरी. हल्ली जरासा धक्का लागला तरी उमटतं."

"हिरड्यांतून रक्त येतं?"

"दात घासताना येतं थोडं."

"माझ्या काढ्याखेरीज आणखी काही घेता का?"

"छे हो! औषध फक्त तुमचंच."

व्यापारी खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते औषध नव्हतेच. शिष्य मात्र कोपऱ्यात खल घेऊन बसला होता. त्याची मान खाली गेली आणि खलातले चूर्ण तो विनाकारण घोटत राहिला. वैद्यांनी एकवार त्याच्याकडे पाहिले आणि व्यापाऱ्याला उद्या पुन्हा यायला सांगितले.

निघताना व्यापारी फाटकाशी शिष्याला म्हणाला, "दाढ फार ठणकतेय. उद्या बाजारात दात काढणारा बसतो, सकाळीच उपटून घेतो आणि मग येतो इकडे. दाढेचं काय वैद्यराजांना सांगायचं!" शिष्य कसनुसे हसला. ते निळे डाग संध्याकाळभर त्याच्या डोळ्यांसमोर होते. बोलावे असे वाटे, आणि बोलायची लाज वाटे.

पहाटे त्याने वरच्या तोंडाची माती फोडली, बाभळीला उपरणे बांधले आणि तो बांधावर टेकून बसला. धुके पांढरेशुभ्र दाटले होते. पाण्याचा झुळझुळ आवाज कानांत भरत गेला आणि डोळे मिटले. स्वप्नात पाणी वाढत होते. सोनेरी, तेलकट पाणी पायांवरून सरकत होते, घोंगड्या तरंगत होत्या. तो दचकून जागा झाला, तर पाय खरोखरच भिजलेले होते.

खालच्या तोंडाशी वैद्य उभे होते. हातात कुदळ. त्यांनी ते तोंडही फोडले होते. दोन्हीकडचे पाणी एकाच वाफ्यात लोटत होते, आणि शिष्याने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली अश्वगंधेची कोवळी रोपे मुळांसकट तरंगत होती.

"गुरुजी!" त्याला रडूच फुटले. "बाभळीवरचं उपरणं दिसलं नाही का आपल्याला?"

"दिसलं की."

"मग?"

"म्हटलं, पाणीच तर आहे."

धुक्यात गुरूंचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला जास्त लागले.

"बाळ," वैद्य खालच्या तोंडावर पुन्हा माती ओढत म्हणाले, "काल शेटजींच्या अंगाला अंकुरतेलाचा वास येत होता. मी त्याच्या रक्ताची वाट मोजून मोकळी केली होती. तुझ्या तेलानंही तीच वाट मोकळी केली. तुझं पाणी चांगलं, माझंही चांगलं. वाफ्याला मात्र दोन्ही एकदमच सोसावं लागलं. गव्हाची पोळी खाणं वेगळं. पोतंभर गव्हाचा अर्क एका घोटात उतरवलास, की तो अन्न राहत नाही. तो आत जाऊन काम करतो. जे काम करतं, त्याचं उपरणं बांधायलाच हवं. काल तू स्वतःच सांगशील म्हणून थांबलो. आज त्याला बोलावलंय, ते तेल थांबवायला."

"गुरुजी, तो आज आधी दाढ उपटायला गेलाय," शिष्य कसाबसा बोलला.

वैद्यांच्या हातातून कुदळ गळाली. इतक्या वर्षांत शिष्याने त्यांना घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

"हेही मला कुणी सांगितलं नाही," ते पुटपुटले. "चल!"

धुक्यातून दोघे धावले. म्हाताऱ्या गुरूंचा हात शिष्याने धरला होता. बाजार अजून अर्धवट झोपेत होता. दुकानांची पाले उभी राहत होती आणि माणसे सावल्यांसारखी हलत होती. पिंपळाखाली चटईवर व्यापारी तोंड उघडून बसला होता आणि दात काढणाऱ्याचा चिमटा दाढेला भिडत होता.

"थांबा!" शिष्य किंचाळला. "शेटजी, चूक माझी आहे. दाढ निघेल, पण रक्त थांबायचं नाही!" सर्वांसमक्ष, धापा टाकत, त्याने कुपीची सारी हकीकत सांगितली.

व्यापाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "मग वैद्यराज, तुमचा काढाही आजपासून बंद करतो!"

"तसं मुळीच करू नका," वैद्य त्याच्याशेजारी चटईवर बसत म्हणाले. "काढा बंद केलात तर छातीत पुन्हा गाठ धरेल. थांबवायचं ते तेल. त्याचा अंमल उतरला आहे याची मी खात्री करतो, मग दाढेचं बघू. आणि यांनाही," त्यांनी दात काढणाऱ्याकडे बोट केले, "तुम्ही काय काय घेता ते आधी सांगायचं."

व्यापाऱ्याने दुखरा गाल धरून मान डोलावली. दात काढणाऱ्याने आपला चिमटा मुकाट्याने कापडात गुंडाळला. बागेत आल्यावर शिष्य चिखलात बसून उरलेली रोपे एकेक करून लावत राहिला, आणि थोड्या वेळाने गुरूही त्याच्याजवळ येऊन बसले.

पुढे डोळ्यांना कमी दिसू लागल्यावर वैद्यांनी रोग्यांपुढे शिष्याला बसवले आणि स्वतः भिंतीला टेकून नुसते ऐकू लागले. एका धुकट सकाळी चक्कर येते म्हणून एक आजी आली. शिष्याने नाडी पाहिली, पुडी बांधायला घेतली, आणि विचारले, "आणखी काय काय घेता, आजी?"

"औषध म्हणशील तर काहीच नाही, बाबा."

शिष्याने बांधत आणलेली पुडी खाली ठेवली. भिंतीशी टेकलेले वैद्य किंचित हलले.

"आणि औषध न म्हणता?" शिष्याने हळूच विचारले.

आजी ओशाळून हसली, आणि तिने पदराची गाठ सोडली.