मागच्या कोपऱ्यातलं इंजिन

“सर, अजून किती हलवून बघणार?”

शार्दूलला राहवेना. खंबेटे सर सांगाड्याचा खांब धरून उभे होते, आणि केव्हाचे उभे होते.

सांगाडा मॉडेल रेल्वेचा होता. खेळण्यातली रेल्वे म्हटलेलं शार्दूल कुंटेला खपत नसे. गच्चीवरच्या खोलीत भिंतभर सागवानी रिपा ठोकून त्याने एकावर एक तीन मजले उभे केले होते. तळातून निघालेली गाडी घाट चढत थेट वरच्या स्टेशनात यायची होती.

पण रूळ कुठे होते? सरांनी हो म्हटल्याशिवाय रूळ टाकायचे नाहीत, हा मिरजेच्या त्यांच्या मॉडेल रेल्वे मंडळाचा रिवाज. आणि रविवारी अख्खं मंडळ बघायला येणार होतं. त्यांना काय नुसत्या फळ्या दाखवायच्या?

“हलत नाही,” सर म्हणाले.

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. “मग टाकू रूळ?”

सरांनी पिशवीतून एक पितळी इंजिन काढलं. स्वतः कानशीने घासून घडवलेलं. ते कुणाला हातही लावू देत नसत.

त्यांनी ते मधल्या मजल्यावर ठेवलं, छत्रीच्या टोकाने पार मागच्या कोपऱ्यात ढकललं आणि आडवं पाडलं.

“अहो सर!”

“काढ.”

शार्दूलने हात घातला. कोपरापर्यंत गेला... पुढे खांब आडवा आला. त्याने दुसऱ्या बाजूने खांदा घुसवला. बोटं इंजिनाच्या अलीकडेच चाचपडत राहिली.

“छत्री द्या जरा.”

सरांनी छत्री पाठीमागे घेतली.

शार्दूल चवड्यांवर उभा राहिला आणि सगळा भार पुढच्या रिपेवर टाकून आत वाकला. वरचा मजला करकरला.

“आता हलला,” सर म्हणाले.

शार्दूल लालबुंद झाला. “पण गाडी तिथे पडणारच नाही, सर! ते वळण मी पुन्हा पुन्हा मापलंय.”

“बरं.”

“खरंच सांगतो, नाही पडणार.”

“पडलीय.”

...

शार्दूल खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खिडकीपाशी गेला, परत आला, कपाळाला हात लावून पुन्हा खिडकीपाशी गेला. सर स्टुलावर बसून होते. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि याचाच त्याला जास्त राग येत होता.

शेवटी त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. पुढचे खांब सोडवले. ज्या वरच्या मजल्यासाठी त्याने दिवाळीची सगळी सुट्टी घालवली होती, तो एकट्याने, धापा टाकत, उतरवून भिंतीला टेकवला. मग हात सहज आत गेला.

इंजिन त्याने शर्टाला पुसलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र पुसलं नाही.

“घ्या तुमचं इंजिन. रविवार तर गेलाच.” त्याने ते पुढे केलं. “आता तरी सांगा, कसं बांधू?”

सरांनी हात पुढे केला नाही.

“ते होतं तिथेच परत आडवं ठेव,” ते म्हणाले. “आणि मग बांधायला घे.”