पायबंदाचे बेट

सावरखोलच्या खाडीच्या मुखाशी माडांचे जे लहानसे बेट दिसते, त्यास आम्ही पायबंद म्हणतो. नारळी पौर्णिमेस तेथून एका माणसास होडीने आणतात व होडीतून थेट खांद्यावर घेऊन देवळापर्यंत मिरवितात. त्याचा पाय मातीस लागू द्यावयाचा नाही, हा दंडक. पाहुणे हसतात आणि कारण विचारतात. ते कारण गावात असे सांगतात.

इंग्रजी अमलाच्या आरंभी समोरच्या किल्ल्यात गोऱ्या शिपायांचे ठाणे होते. त्यांत डॅनियल नावाचा एक तरुण होता. गावाने त्याचा दानू केला. तो तटावर पहाऱ्यास असता वादळात गोमती खारवीण हिच्या दोन्ही मुलांची होडी खडकावर फुटली. दानूने बंदूक टाकून समुद्रात उडी घेतली आणि दोघांनाही जिवंत काढले. पहारा सोडल्याबद्दल त्यास जन्मभर समुद्रापारची शिक्षा झाली.

त्यास न्यावयास गलबत आले खरे. पण समुद्र खवळलेला पाहून त्याने बाहेरूनच तोंड फिरविले. पावसाळा सरेपर्यंत दुसरे येणार नव्हते, आणि बेड्यांनी पाय सुजलेला दानू अंधारकोठडीत तोवर जगेल, असे कोणासही वाटत नव्हते.

गोमती किल्ल्याच्या दरवाजात जाऊन बसली. काही केल्या उठेना. अखेर ठाण्याच्या अधिकाऱ्याने दुभाष्याकडून तिला हुकूम ऐकविला : 'कैद्यास खाऱ्या पाण्यापलीकडे नेऊन सोडावे. त्याचा पाय पुन्हा या किनाऱ्यास लागल्यास फाशी द्यावे.'

गोमतीने बेटाकडे बोट केले. "सायबानू, मधलां ह्यां पाणी खारां की गोडां? चाखून बघा!"

"गप बस गे, बाये!" दुभाषी ओरडला.

"तुमी नको. सायबच चाखांदेत."

अधिकारी पायऱ्या उतरला, म्हणे. त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकले. त्याच भरतीस दानूच्या बेड्या निघाल्या व गोमतीच्या मुलांनी त्यास बेटावर नेऊन सोडले. कोणी म्हणतात, साहेबास पहाऱ्याची कटकट नको होती. कोणी म्हणतात, ती शिक्षा त्याच्याही मनास बोचत होती. मला दुसरे पटते.

पुढे नारळी पौर्णिमा आली. सारा गाव किनाऱ्यावर आणि दानू एकटा पलीकडे, हे गोमतीस बघवेना. ती मुलांना म्हणाली, "पाय किनाऱ्याक लागता नये. खांद्याक लागता नये, असां खंय लिवलेलां आसा?"

मुलांनी त्यास खांद्यावर घेतले. वाळूत एकाचा पाय घसरला, तेव्हा दानू ओरडला, "अरे, नीट धर! माका पाडलंस तर फाशी मी जातलंय, तू नाय!" तटावरून अधिकाऱ्याने दुर्बीण लावली, दानूचे अधांतरी पाय पाहिले, दुर्बीण मिटली आणि टोपी काढली.

दानू त्या बेटावरच म्हातारा झाला. एकाही पौर्णिमेस त्याचा पाय मातीस लागला नाही. कालांतराने ठाणे उठले, अंमल सरला, आणि हुकूम देणारेच समुद्रापार गेले. आजही देवळाच्या पायरीशी मिरवणूक थांबते. गावातील वडीलधारा दरडावून विचारतो, "पाय लागलो काय?"

आणि सारा गाव गर्जतो, "लागूक नाय!"